कोक पाच सेंटला, घर आठ हजारांत: महायुद्धानंतरच्या अमेरिकेतली स्वस्ताई खरी किती?

पिंपळपान
परवा आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक ढकलपत्र आलं. १९५० सालच्या अमेरिकेतल्या भावांची यादी होती. पेट्रोल २७ सेंट गॅलन, कोकची बाटली ५ सेंट, टपालाचं तिकीट ३ सेंट, नवं घर ८ हजार डॉलरच्या आत. खाली सगळ्यांचे उसासे, 'गेले ते दिवस' वगैरे. मला राहवलं नाही, कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जे निघालं ते इथे मांडतो, कारण मला त्या यादीपेक्षा ते जास्त बोलकं वाटलं.

भाव पैशात मोजला की फसगत होते, म्हणून मी तो मिनिटांत मोजला: ती वस्तू घ्यायला माणसाला किती वेळ राबावं लागत होतं? जानेवारी १९५० पासून अमेरिकेत किमान वेतन तासाला ७५ सेंट झालं. कारखान्यातल्या कामगाराची सरासरी मजुरी तासाला १ डॉलर ४४ सेंटच्या आसपास होती.

आता पेट्रोल बघा. किमान वेतनावरच्या माणसाला एका गॅलनसाठी २२ मिनिटं काम करावं लागे. आज तिथलं केंद्रीय किमान वेतन सव्वासात डॉलर आहे आणि ते २००९ पासून हललेलं नाही. गॅलन ३ डॉलर धरलं तर आज २५ मिनिटं लागतात. म्हणजे ज्या पेट्रोलसाठी एवढे उसासे, त्याचा भाव जवळपास तोच!

टीव्ही उलट. १९४६ साली बाजारात आलेला आरसीएचा १० इंची काळापांढरा सेट ३७५ डॉलरचा होता. १९५०च्या मजुरीने मोजला तरी अडीचशे तासांच्या वर, म्हणजे दीड महिन्याचा अख्खा पगार. १९५४ साली आलेला पहिला रंगीत सेट तर हजार डॉलरचा.

आणि घर. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याची शेतं होती, तिथे लेव्हिट आणि त्यांच्या मुलांच्या कंपनीने १९४७ पासून एक अख्खं गाव उभं केलं, लेव्हिटटाउन. १९५१ पर्यंत साडेसतरा हजारांच्या आसपास घरं झाली. बांधकामाचे २७ टप्पे पाडलेले. एक टोळी फक्त फरशीचा काँक्रीट ओतणार, दुसरी फक्त चौकटी ठोकणार, तिसरी फक्त रंग देणार. मोटारीच्या कारखान्यात गाडी पट्ट्यावरून सरकते आणि कामगार जागेवर राहतो. इथे घर जागेवर आणि कामगार सरकतात. भरात असताना दिवसाला ३० घरं पुरी होत. १९४९ सालचं घर ७,९९० डॉलरला. कारखान्यातल्या कामगाराची पावणेतीन वर्षांची मजुरी. युद्धावरून परतलेल्या सैनिकाला हप्ता महिना ५८ डॉलर. आज तिथे पाच लाख डॉलरच्या खाली घर सहजी मिळत नाही आणि कामगाराची मजुरी तासाला २८ डॉलरच्या घरात आहे. साडेआठ वर्षं झाली!

म्हणजे त्या यादीतली सर्वांत मोठी स्वस्ताई एकाच ओळीत आहे, घराच्या. बाकी इथे मी जे मोजलं ते एकतर जवळपास आजच्याइतकंच होतं किंवा महाग होतं. तुमच्याकडे काही माहिती, कुणाच्या आठवणी असतील तर भर घाला.

मृगनक्षत्र
वाचनखूण साठवली आहे. मिनिटांचा हिशेब फार आवडला.
एक शंका. युद्ध संपल्यावर आपल्याकडे महागाई आणि रेशन दोन्ही होतं, हे आजीकडून ऐकलंय. अमेरिकेत लगेच सुबत्ता आली का?

खडूफळा
मृगनक्षत्र, मुळीच नाही. पहिली दोन वर्षं फार ओढाताणीची होती आणि ढकलपत्रांत ती कधीच येत नाहीत.

युद्धकाळात अमेरिकी सरकारने भाव बांधून दिले होते. ३० जून १९४६ ला त्या कायद्याची मुदत संपली आणि भाव उसळले. महिनाभराने संसदेने नवा, अशक्त कायदा केला. मांसाच्या भावावर पुन्हा बंधन येणार म्हटल्यावर पशुपालकांनी गुरं बाजारात आणणंच थांबवलं. त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खाटकांची दुकानं रिकामी होती. जगातला सर्वांत श्रीमंत देश आणि बायका मांसासाठी रांगेत! शेवटी ऑक्टोबरच्या मध्यावर अध्यक्ष ट्रुमन यांनी मांसावरचं नियंत्रण उठवलं, आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने संसदेची दोन्ही सभागृहं गमावली. १९४७ साली महागाईचा दर १४ टक्क्यांच्या वर होता. साखरेचं रेशन तर १९४७च्या जूनपर्यंत चाललं.

याच काळातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी घटना म्हणजे जनरल मोटर्समधला संप. २१ नोव्हेंबर १९४५ ला सुरू झाला आणि ११३ दिवस चालला. कामगार नेते वॉल्टर रूथर यांची मागणी होती, ३० टक्के पगारवाढ द्या आणि गाडीची किंमत वाढवू नका. परवडत नसेल तर हिशेबाच्या वह्या दाखवा. कंपनीने वह्या काही दाखवल्या नाहीत आणि वाढही मागितली त्याहून पुष्कळ कमी मिळाली. पण १९४८च्या करारात कंपनीने पगार राहणीमानाच्या निर्देशांकाला बांधून दिला. आपल्या मुंबईच्या गिरणी कामगारांना महागाई भत्ता युद्धकाळापासून ठाऊक होता, तसाच हा. १९५० साली पाच वर्षांचा करार झाला, त्यात पेन्शनही आलं.

पिंपळपान, तुमच्या घराच्या हिशेबात मजुरीची बाजू अशी संपांतून आलेली आहे. ७,९९० हा आकडा लेव्हिटने खाली आणला, १ डॉलर ४४ हा आकडा कामगारांनी वर नेला. दोन्ही बाजू लिहायला हव्यात.

पिंपळपान
खडूफळा सर, मान्य. हे माझ्याकडून राहिलंच होतं.

दूरदेशी
धागा दिसला आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. मी पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटटाउनला लागून असलेल्या गावात अठरा वर्षं राहते. लेव्हिटने लाँग आयलंडनंतर १९५२ पासून वसवलेलं दुसरं गाव ते. आमच्या वाचनालयात आठवड्यातून दोन दिवस मी मदतीला जाते, तिथे एक ९१ वर्षांच्या बाई येतात. १९५४ साली लग्न करून त्या इथल्या नव्याकोऱ्या घरात आल्या. नवरा जवळच्या पोलादाच्या कारखान्यात.

आधी एक दुरुस्ती. आज विकली जाणारी ती घरं मूळची राहिलेली नाहीत. लाँग आयलंडवरचं पहिलं घर साडेसातशे चौरस फुटांचं होतं. खाली झोपायच्या दोन खोल्या, वर माळा रिकामा, तळघर नाही. पुढे लोकांनी माळ्यावर खोल्या काढल्या, मागे वाढवलं, गॅरेज जोडलं. त्यामुळे आज पाच-सहा लाखांना जे मिळतं ते दुप्पट मोठं असू शकतं. तुमचा निष्कर्ष बदलत नाही, पण फरक थोडा कमी होतो.

घरासोबत फ्रिज, शेगडी आणि कपडे धुण्याचं यंत्र यायचं. लाँग आयलंडवरच्या १९५०च्या घरांत तर जिन्याखालच्या भिंतीत टीव्हीच बसवून दिलेला होता. त्याचे पैसे घराच्याच कर्जात. तो महाग टीव्ही एवढ्या लवकर घरोघरी कसा गेला, त्याचं एक उत्तर इथे आहे.

नियमही होते. कुंपण घालायचं नाही. गवत दर आठवड्याला कापायचं. रविवारी बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत. बाई सांगतात, लंगोट धुऊन धुऊन हात सोलवटायचे आणि सोमवारची वाट बघायची. रस्त्यावर प्रत्येक घरात दोन-तीन पोरं. १९५७ साली अमेरिकेत ४३ लाख बाळं जन्मली, मग लंगोट तरी किती असतील!

त्यांच्याकडून ऐकलेली सर्वांत गोड गोष्ट हिरव्या तिकिटांची. वाणसामान घेतलं की दर दहा सेंटला एक हिरवं तिकीट मिळे. ती पुस्तिकेत चिकटवायची. १,२०० तिकिटांची एक पुस्तिका, म्हणजे १२० डॉलरची खरेदी. पुस्तिका भरल्या की तिकिटांच्या कंपनीच्या दुकानात जाऊन वस्तू घ्यायची. आपल्या बोहारणीकडे जुन्या साड्यांवर पातेलं मिळायचं, त्याची आठवण झाली. बाईंनी दोन वर्षं तिकिटं जमवून एक दिवा घेतला. तो अजून त्यांच्या बैठकीत आहे आणि चालतो.

१९५९ मात्र त्या कधी विसरत नाहीत. पोलाद कामगारांचा देशभर संप झाला, पाच लाख माणसं, ११६ दिवस. घराचा हप्ता, तीन मुलं आणि पगार शून्य. त्याच जुलैत उपाध्यक्ष निक्सन मॉस्कोच्या प्रदर्शनात अमेरिकी स्वयंपाकघराच्या नमुन्यासमोर उभे राहून सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह यांना सांगत होते, की आमचा पोलाद कामगार तासाला ३ डॉलर कमावतो, १४ हजारांचं हे घर त्याला परवडतं. कामगार संपावर आहेत हेही त्यांनी तिथेच सांगितलं. बाईंनी ते टीव्हीवर पाहिलं तेव्हा त्यांच्या घरी आठवडाभर बटाटेच शिजत होते.

उंबरठा
दूरदेशी, छान लिहिलंत. पण तुम्ही राहता त्याच भागात ऑगस्ट १९५७ मध्ये काय झालं तेही इथे यायला हवं. 'घर स्वस्त होतं' हे वाक्य 'कोणासाठी' याशिवाय पुरं होत नाही.

विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपं, तीन लहान मुलं, विल्यम स्वतः महायुद्धातला माजी सैनिक. त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या लेव्हिटटाउनमध्ये घर घेतलं. कंपनीकडून नाही, कारण कंपनी कृष्णवर्णीयांना विकतच नव्हती. एका गोऱ्या मालकाकडून घेतलं. ते राहायला आल्याची बातमी पसरली आणि संध्याकाळपर्यंत शेकडो लोक घरासमोर जमले. दगडांनी खिडक्या फुटल्या. हे रात्रीमागून रात्र चाललं, राज्याचे पोलीस आणावे लागले. त्यांना साथ देणाऱ्या शेजाऱ्यांच्या भिंतींवर द्वेषाची अक्षरं रंगवली, क्रूस जाळले. तरी मायर्स कुटुंब हललं नाही, आणि काही शेजारी आळीपाळीने त्यांच्या घरी येऊन थांबत, हेही तितकंच खरं.

लाँग आयलंडवरच्या १९४७च्या भाडेकरारात तर स्पष्ट कलम होतं, की गोऱ्या वंशाखेरीज कोणी या घरात राहू नये. नोकर म्हणून राहिलं तर चालेल! १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने असली कलमं न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला, पुढे करारातून कलम गेलं, पण विक्रीचं धोरण तसंच राहिलं. सरकारची गृहकर्ज-हमी देणारी यंत्रणाही मिश्र वस्तीला धोक्याची वस्ती मानत होती.

आणि परतलेल्या सैनिकांना कर्जाची हमी देणारा तो प्रसिद्ध कायदा, १९४४चा 'जीआय बिल'? कागदावर सगळ्यांसाठी सारखा. पण कर्ज द्यायचं की नाही हे गावातली बँक ठरवणार. १९४७ साली मिसिसिपी राज्यातल्या १३ शहरांत त्या कायद्याखाली घर, धंदा आणि शेतीसाठी ३,२२९ कर्जांना हमी मिळाली. त्यातली कृष्णवर्णीय सैनिकांना दोन. दोनशे नाही, दोन.

घर हीच त्या काळातली एकमेव खरी स्वस्ताई असेल, तर ती ज्यांना नाकारली त्यांचं नुकसानही तेवढंच मोठं. आठ हजारांचं घर आज पाच लाखांचं झालं ते ज्यांच्या नातवंडांना मिळालं त्यांना मिळालं.

कोकणकडा
उंबरठा +१. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

गोधडी
मी मनोरंजनाकडे वळते, कारण तेही लोकांच्या रोजच्या जगण्यातलंच. पण मुद्दा पैशाचाच आहे.

१९५० साली अमेरिकेतल्या शंभरातल्या नऊ घरांत टीव्ही होता, १९६० साली सत्त्याऐंशी घरांत. या दहा वर्षांत सर्वांत जास्त पाहिली गेलेली बाई म्हणजे विनोदी अभिनेत्री ल्युसिल बॉल. ऑक्टोबर १९५१ मध्ये तिची मालिका सुरू झाली. नवरा देसी आर्नाझ क्यूबाचा. गोऱ्या बाईचा परदेशी उच्चाराचा नवरा लोक स्वीकारणार नाहीत, असं वाहिनीला वाटत होतं. ती अडून बसली. शिवाय तेव्हा बहुतेक कार्यक्रम थेट प्रसारित होत आणि हवेत विरून जात. या दोघांनी प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी चक्क फिल्मवर चित्रण केलं, म्हणून ती मालिका पुन्हा पुन्हा दाखवता आली आणि आजही दिसते.

ती खरोखर गरोदर राहिली तेव्हा कथेतही ते आणलं, पण 'गरोदर' हा शब्द पडद्यावर उच्चारायला बंदी! १९ जानेवारी १९५३ ला मालिकेत बाळ जन्मलं आणि त्याच दिवशी तिला खरा मुलगा झाला. तो भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवर यांच्या शपथविधीला प्रेक्षक होते २ कोटी ९० लाख.

दुसरी बाई ब्राउनी वाइज. अर्ल टपर यांचे प्लास्टिकचे डबे दुकानात पडून राहत होते, कारण झाकण दाबून हवा कशी काढायची ते कुणाला कळत नव्हतं. ते दाखवावं लागतं, आणि बघायला बायका कुठे जमणार, तर एकमेकींच्या घरी. १९५१ पासून डबे दुकानातून काढून फक्त घरगुती मेळाव्यांत विकायचं ठरलं आणि ती विक्री बाईंच्या हाती आली. १९५४ साली एका मोठ्या व्यापारी साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्या झळकल्या, तो मान मिळालेली पहिली स्त्री. १९५८ साली त्यांना काढून टाकलं. कंपनीत त्यांच्या नावावर एकही शेअर नव्हता. मला याची फार चीड येते.

मिनिटांच्या हिशेबात हेही धरा: बायको नोकरी करत असली तरी गृहकर्ज ठरवताना बँका तिचा पगार सहसा धरत नसत. मूल झालं की नोकरी सोडेल, हे गृहीतच. नवऱ्याच्या सहीशिवाय कर्ज नाकारायला कायद्याने बंदी आली ती १९७४ साली.

पिंपळपान
उंबरठा, गोधडी, तुमचे प्रतिसाद वाचून माझा हिशेब पुन्हा उघडला. मी 'किमान वेतन' म्हणून जे ७५ सेंट सरसकट धरले, ते सगळ्यांना मिळतच नव्हते. १९३८च्या त्या कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळलेले होते. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय बायकांचं मुख्य काम कोणतं, तर गोऱ्यांच्या घरची धुणीभांडी. त्यांना कायद्याचं संरक्षण १९७४ साली मिळालं.

७५ सेंटच्या हिशेबाने पाच सेंटचा कोक चार मिनिटांत मिळतो, पण ते त्या बाईला लागू नाही. दक्षिणेतल्या मॉन्टगोमेरी शहरात १९५५च्या डिसेंबरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला तेव्हा तिकीट दहा सेंट होतं. जायला दहा, यायला दहा. त्यांच्या रोजाच्या मानाने ती रक्कम लहान नव्हती. तरी वाचलेल्या पैशासाठी नाही, तर मागच्या बाकावर बसायला नकार देण्यासाठी त्या ३८१ दिवस चालत गेल्या.

कोकचं राहिलंच होतं, ते पुरं करतो. १८८६ पासून जवळजवळ १९५९ पर्यंत कोकची किंमत पाच सेंट राहिली, ती दयेपोटी नाही. १८९९ साली बाटलीबंद करण्याचे हक्क दुसऱ्यांना देताना कंपनीने त्यांना विकायच्या सिरपचा भाव कायमचा ठरवून दिला. बाटलीवाल्यांनी किंमत वाढवली तर फायदा त्यांचा आणि खप कमी झाला तर तोटा कंपनीचा, म्हणून कंपनीने गावोगाव भिंतींवर 'पाच सेंट' रंगवून त्यांचे हात बांधले. पुढे हजारो यंत्रं आली, ती फक्त पाच सेंटचं नाणं घेत. दहा केलं तर भाव एकदम दुप्पट! १९५३ साली कंपनीने थेट राष्ट्राध्यक्षांकडे साडेसात सेंटचं नाणं पाडा अशी विनंती केली. ते पाडलं गेलं नाही.

कोकणकडा
आपल्या बाजूने दोन नोंदी.

जुलै १९४६ मध्ये कायदा झाला तेव्हा कुठे भारतीयांना अमेरिकेचं नागरिक होता येऊ लागलं. वर्षाला कोटा किती, तर शंभर माणसं. संपूर्ण देशाला शंभर. त्यामुळे पन्नाशीच्या दशकात तिथे असलेली मराठी माणसं बहुतेक विद्यार्थी. डॉलर पावणेपाच रुपयांना होता. एका गॅलन पेट्रोलचे सव्वा रुपयाहून जास्त झाले, ते ज्याचे पैसे घरून यायचे त्याला विचारा स्वस्त की महाग.

५ जून १९५२ ला कोलंबिया विद्यापीठाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सन्माननीय पदवी दिली, राज्यघटनेच्या कामासाठी आणि मानवी हक्कांचे खंबीर पुरस्कर्ते म्हणून. बाबासाहेब तिथे १९१३ ते १९१६ शिकले होते. उंबरठा यांनी सांगितलेलं लाँग आयलंडचं गाव त्या विद्यापीठापासून पन्नासेक किलोमीटरवर. त्या दिवशी तिथल्या साडेसतरा हजार घरांपैकी एकही कृष्णवर्णीयाला विकत मिळत नव्हतं.

मृगनक्षत्र
आजीला आज फोन करून विचारलं. अमेरिका म्हटल्यावर तिला घर नाही, टीव्ही नाही, रेशनचा लाल गहू आठवला. 'पोळी वातड व्हायची, कणीक कितीही तिंबली तरी. पण तो नसता तर काय खाल्लं असतं?' हे तिचे शब्द. हा गहू स्वस्त कसा येत होता, कुणी सांगेल का?

खडूफळा
मृगनक्षत्र, त्याचं मूळही भावातच आहे. अमेरिकी सरकार शेतकऱ्याला हमीभाव देत होतं, यंत्रं आणि खतांनी पीक वाढलं, कोठारं भरून वाहू लागली. जुलै १९५४ च्या ४८० क्रमांकाच्या कायद्याने (पीएल ४८०) तो साठा मित्रदेशांना त्यांच्याच चलनात विकायची सोय केली. भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. आपण रुपयांत पैसे भरायचे आणि ते बहुतांशी इथेच राहायचे, कारण ते डॉलर करून नेता येत नव्हते. अमेरिकेकडे इथे रुपयांचा ढीग साचला.

दूरदेशी
त्या ढिगाचं एक टोक मी हातात धरलेलं आहे. १९६२ पासून त्यातल्या काही रुपयांतून भारतात छापली जाणारी पुस्तकं विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांच्या ग्रंथालयांना पाठवली गेली, सगळ्या भाषांतली, मराठीसुद्धा. फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात मी पहिल्यांदा गेले तेव्हा तळमजल्यावर मराठी कादंबऱ्या, दिवाळी अंक, गावोगावच्या छोट्या प्रकाशकांची पुस्तकं रांगेने उभी दिसली. काहींची पानं अजून फाडून सुटी केलेलीही नव्हती. एका पुस्तकात मागच्या बाजूला कार्डावर टंकलेलं होतं, 'पीएल ४८०'. तेव्हा अर्थ कळला नव्हता. मृगनक्षत्र, तुमच्या आजीच्या रेशनचे पैसे ते.

उद्या वाचनालयात त्या बाई येणार आहेत. १९५७ साली मायर्स कुटुंबाच्या घरासमोर गर्दी जमत होती तेव्हा त्या तिथून किती लांब राहत होत्या, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही. उद्या विचारते आणि इथे येऊन लिहिते.